चुनखडीच्या ओढ्यातलं रान-जिरेनियम

झाडं उपटणं हा माझा पस्तीस वर्षांचा धंदा. साताऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो, म्हणून त्याला 'नमुने गोळा करणं' असं भारदस्त नाव होतं, एवढंच. छोटं झाड असेल तर मुळासकट काढायचं, मुळांची माती धुवायची, वर्तमानपत्राच्या घडीत घालून दाबायचं. वाळलं की जाड कागदावर चिकटवायचं आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: कुठं मिळालं, कधी, कुणी आणलं, स्थानिक नाव काय. असे हजारो कागद आमच्या कॉलेजाच्या कपाटांत आहेत. त्यातले निम्मे तरी मी केलेले, आणि त्याचा मला बरीच वर्षं अभिमान होता.

निवृत्त झाल्यावर एकदा कपाटं हलवायची म्हणून कॉलेजनं मला बोलावलं. जुने कागद ओळखणारा दुसरा कुणी उरला नव्हता. तिथं एका गठ्ठ्यात एकाच झाडाचे तीन कागद निघाले. गडचांदूरजवळची चुनखडीची टेकडी, ओढ्याची सावली, फेब्रुवारी. अक्षर माझंच, तिशीच्या आतलं, ऐटबाज.

जिरेनियम म्हटलं की आपल्याकडे लोकांना गॅलरीतल्या कुंड्या आठवतात. ते खरं जिरेनियम नव्हेच, त्याचं चुलत भावंड. हे रानातलं वीतभर उंचीचं, अंगावर लव असलेलं, बुडाशी लालसर देठांचं. पान गोल, पण कात्रीनं पाच-सात जागी कातरल्यासारखं. एका दांड्यावर दोन फुलं, फिकट गुलाबी, मध्ये जांभळट काळा डोळा. फुलं गळली की बगळ्याच्या चोचीसारखं लांब फळ येतं. ते वाळलं की खालून पाच फाका सुटतात, वर गुंडाळल्या जातात आणि त्या झटक्यात बी हातभर लांब उडतं. हिमालयात हे वाटेवर पायदळी येतं. आपल्याकडे मात्र फार क्वचित, कुठंतरी चुन्याच्या दगडात आणि ओलाव्यात अडकून राहिलेलं. मुळात आणि पाल्यात तुरटपणा भरपूर, म्हणून जिथं जिथं उगवतं तिथं लोक ते हगवणीवर आणि वाहत्या जखमेवर वापरतात. आणि ते एकवर्षायू आहे. पावसाळा सरता उगवायचं, उन्हाळा लागायच्या आत बी टाकून मरायचं. बी पडलं नाही तर पुढच्या वर्षी झाड नाही, इतका साधा हिशोब.

मी भिंग लावून तिन्ही कागद पाहिले. फुलं होती, हिरव्या चोची होत्या. पिकलेलं फळ एकही नव्हतं.

मग सगळं आठवलं. त्या ओढ्यात मला अकरा झाडं मिळाली होती आणि मी अकराच्या अकरा काढली होती. तीन ठेवली, बाकीची इतर कॉलेजांना देऊन त्या बदल्यात त्यांच्याकडचे नेचे घेतले. जास्तीचे नमुने असले की अदलाबदलीत आपला भाव वधारतो, हे आमच्या धंद्यातलं शहाणपण. वाटाड्या जंगू मडावी म्हणून एक गोंड गडी होता. चार दिवस तो माझ्यासाठी हौसेनं खणत होता. त्या ओढ्यात मात्र हात मागं बांधून उभा राहिला. मला वाटलं, दमला असेल किंवा आळस करतोय. "नाव काय याचं?" विचारलं तर म्हणाला, "नाव नाई साहेब." मी चिठ्ठीवर लिहिलं: स्थानिक नाव नाही.

कपाटं हलवणारी तरुण प्राध्यापिका त्या भागातल्या दुर्मिळ वनस्पतींची यादी करत होती. ती म्हणाली, "सर, तुमच्यानंतर तिथं ही कुणालाच मिळाली नाही." मी हसून म्हणालो, "आमची नजरच तशी होती." घरी आलो आणि जेवण गेलं नाही. आपणच तर ती संपवली नाही ना, हा एकच किडा डोक्यात. बायकोला सांगितलं, जाऊन बघून येतो. ती म्हणाली, "आणि नसली तर?" मी भिंग पिशवीत टाकलं. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात निघालो.

गडचांदूर

चंद्रपुरात शब्बीरभाईंची गाडी ठरवली. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, यांनी त्यातून वर येऊन गाडी घेतलेली. माणूस बोलका. मी कशासाठी आलोय ते ऐकून त्यांनी आरशातून माझ्याकडे दोनदा पाहिलं.

"एका झाडासाठी सर? साताऱ्याहून?"

"हो."

"मोठं झाड आहे का?"

मी वीत दाखवली. त्यानंतर ते राजुरा येईपर्यंत काही बोलले नाहीत.

गडचांदूर मला ओळखू आलं नाही. माझ्या आठवणीतला एसटी थांबा, दोन हॉटेलं, कापसाच्या गाड्या यांपैकी काही उरलं नव्हतं. रस्ता सिमेंटच्या ट्रकांनी भरलेला आणि सगळ्यावर पिठासारखी पांढरी धूळ. झाडांची पानं पांढरी, पत्रे पांढरे, रस्त्याकडेला बसलेल्या म्हशीची पाठसुद्धा. सकाळी पानठेल्याशेजारी तर्री-पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर भुरभुरतात, इथं हरभऱ्याची लाल तर्री ओततात आणि वर कच्चा कांदा. डोळ्यांत पाणी आलं. शब्बीरभाई म्हणाले, "जमते ना सर? नाई तं साधे सांगतो." मी जमतंय म्हटलं आणि शिक्षा म्हणून सगळी प्लेट संपवली.

टेकडीकडे जाणारी जुनी वाट एका फाटकापाशी संपली. राखणदार सभ्य होता. म्हणाला, "आत नाई जाता येत काका. दुपारी खाणीत बार उडवते." मी त्याला विचारलं, टेकडी कुठाय? त्यानं हातानं समोर दाखवलं. समोर आकाश होतं.

शब्बीरभाईंनी गाडी गावाच्या अंगानं फिरवून मागच्या बाजूला नेली. तिथून तो खड्डा दिसला. पायऱ्या-पायऱ्यांनी खाली गेलेला, तळाला निळंहिरवं पाणी. टेकडी उलटी करून जमिनीत बसवावी तसा. माझा ओढा त्या हवेत कुठंतरी होता, जिथून आता एक घार जात होती.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. संपवली ती मी नव्हे, खाणीनं, असं म्हणायची सोय झाली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. सिमेंटच्या घरात जन्म काढलेल्या माणसानं खाणीकडे बोट दाखवायचं, हे मला तिथंच लाजिरवाणं वाटलं. खड्डा नंतरचा होता, माझी अकरा झाडं आधीची.

खड्ड्याच्या पलीकडे ओढ्याचा शेपटासारखा एक तुकडा शिल्लक होता. तिथं तीन तास गुडघ्यांवर फिरलो. एकदा कातरलेलं गोल पान दिसलं आणि मी भिंग काढलं. ते भेंडीच्या कुळातलं भलतंच रोपटं निघालं. उठताना पाय घसरला, तळहात दगडावर आपटून फाटला. शब्बीरभाई वरून पळत आले, बांधावरचा पाला ओरबाडून माझ्या हातात कोंबला. "चुरगळून लावा सर, कंबरमोडी आहे. रक्त थांबते." आमच्याकडे तिला एकदांडी म्हणतात. मी ती वर्गात लॅटिन नावानं शिकवली होती, पण जखमेवर लावली ती आयुष्यात पहिल्यांदा.

परत पानठेल्यावर आलो. बाकावर एक म्हातारा बसला होता. त्याला जंगू मडावीचं विचारलं.

"जंगू? मेला ना तो," म्हातारा म्हणाला. "जमीन गेल्यावर पोरीकडं गेलता, अहेरीकडं. तिथीच खपला. बायको आहे अजून, बुडी भीमबाई."

"या टेकडीवर एक औषधाचं झाड व्हायचं, ओढ्यात..."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "त्याच्याच मांगं लागलता जंगू. लोकं येडा म्हनत त्याले." एवढं बोलून तो सुपारी कातरू लागला. 

अहेरीच्या वाटेवर

गोंडपिपरीवरून आष्टीला वैनगंगा ओलांडली. पाणी आटून वाळूचे पट्टे उघडे पडले होते. आष्टीत जेवलो. मी सवयीनं भाकरी मागितली. हॉटेलवाल्याला माझी दया आली असावी. "भाकर नाई काका, इथी भातच," म्हणाला आणि ताटात भाताचा डोंगर केला. वर लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी. घाटावरच्या माणसाला भातानं पोट भरल्याचं समाधान होत नाही, नुसती झोप येते. पण झोप आली नाही. म्हातारा 'मांगं लागलता' म्हणाला, म्हणजे जंगू त्या झाडाला शोधत होता. म्हणजे ते नाहीसं झालं होतं.

आष्टीच्या पुढं धुळीचा रंग बदलला. लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक, आणि सागाच्या पानांवर तांबडा थर. निम्मा साग निष्पर्ण उभा. मोहाच्या बुडाशी पाचोळा जाळून जमीन काळी केलेली, म्हणजे फुलं पडतील तेव्हा वेचायला सोपं जावं. शब्बीरभाई म्हणाले, "तिकडं पांढरे झालो, इकडं लाल होऊन राह्यलो. गाडी धुवायची कोणत्या रंगाची?"

अहेरीत त्या दिवशी आठवडी बाजार होता. मिरच्यांचे ढीग, सुके मासे, बांबूच्या टोपल्या, आणि निम्म्या बोलण्यात तेलुगू. एका बाईसमोर मुळ्यांच्या जुड्या होत्या. मी धंद्याप्रमाणे एक उचलून विचारलं, नाव काय हिचं?

"पोटाची आहे," ती म्हणाली.

"ते कळलं. पण नाव?"

"नाव नाई."

शेजारी मिरच्या विकणारा हसला. "नाव नाई सांगत काका थे. नाव सांगतलं तं औषधाचा गुन जाते."

मी जुडी खाली ठेवली. आमच्याकडे कुणाला मुतखड्यावर काही लागू पडलं तर तो सगळ्या गल्लीला नाव, पत्ता आणि प्रमाण सांगत सुटतो. इथं औषध द्यायचं, पण नाव पोटात ठेवायचं. 'नाव नाई साहेब' म्हणताना जंगू काय म्हणत होता ते मला इतक्या वर्षांनी त्या बाजारात कळलं. झाडाला नाव नाही, असं त्याला म्हणायचंच नव्हतं. आणि मी मात्र ते शाईनं लिहून ठेवलं.

भीमबाईंचं आंगण

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात मिळालेल्या पत्त्यावर, अहेरीपासून आत, जंगलातल्या एका गावात गेलो. शेणानं सारवलेलं आंगण, कुडाचं घर, वर कौलं. जंगूची मुलगी सुनंदा भांडी घासत होती. चाळिशीची, चटपटीत. तिनं आधी पाय धुवायला पाणी दिलं, मग खाट टाकली, मगच विचारलं, "कोन तुमी?"

मी सांगितलं. साताऱ्याचा, पुष्कळ वर्षांपूर्वी तुमच्या वडिलांबरोबर जंगलात फिरलो होतो.

दारातून एक किडकिडीत म्हातारी डोकावली. एका डोळ्यात मोतीबिंदू. "पेपरवाला साहेब," ती म्हणाली.

मी पानं पेपरात घालायचो म्हणून गावानं मला ते नाव ठेवलं होतं. त्याच्या मागं आणखी काही होतं, ते हळूहळू बाहेर आलं. सुनंदानं तांदळाची आंबील आणून दिली आणि घागर घेऊन ती पाण्याला गेली. भीमबाई उंबऱ्यावर बसल्या आणि माझ्याकडे न बघता बोलू लागल्या.

"नवं खायच्या आंधी तोडलं ना तुमी."

मी म्हणालो, मला समजलं नाही.

"जंगलातलं काईबी असो, मोह असो, आंबा असो, नवं खायचा सन झाल्याबिगर हात नाई लावायचा. इकडं पंडुम म्हनते त्याले. अन् त्या झाडाचं तं लईच कडक. चोच फुटली, बी उडालं, का मंगच तोडायचं. तोवर बघायचं फक्त. माही सासू देत होती थे औषध, लेकराच्या पोटासाठी, बाईच्या रक्तासाठी. त्या वर्सी गेली तं नाल्यात नुसते खड्डे."

"मग?"

"मंग काय. सासूनं जंगूले इचारलं, त्यानं सांगून टाकलं. भूमकानं पंच बसवले. तीन वर्सं देवाच्या पंगतीत बसू देल्लं नाई त्याले. ओळीच्या बाहीर पान."

भूमक म्हणजे गोंडांचा पुजारी, एवढं मला ठाऊक होतं. पंगतीबाहेर पान म्हणजे काय हे समजायला मात्र गोंड असावं लागत नाही. मी आंबिलीचा पेला खाटेच्या कडेला ठेवला.

"पण उपटली मी," मी म्हणालो. "त्यानं माझं नाव का नाही सांगितलं?"

"तुमचं सांगून काय कराचं? तुमी गेले होते निंघून. रस्ता तं मीच दाखवला म्हने."

"आणि त्यानं मला अडवलं काऊन नाही?" माझ्या तोंडून 'का'ऐवजी त्यांच्याकडचा शब्द गेला.

भीमबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "म्या बी इचारलं होतं. म्हने, शिकलेला मानूस, झाडाचाच मास्तर, त्याले मालूम असन. म्हनून गप राह्यला."

मला खूप वाईट वाटलं. शरम वाटली. आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो की स्थानिक माणसाला विचारा, आणि त्या एका दिवशी समोरचा माणूस हात मागं बांधून सगळं सांगत होता. मी म्हणालो, "चूक माझी होती. तेवढं सांगायला यायलासुद्धा उशीर झाला."  तेवढ्यात सुनंदा पाणी घेऊन आली आणि सरळ आत चहाचं आधण ठेवायला गेली.

मी विचारलं, "म्हणजे ते झाड तेव्हाच संपलं?"

"नाई," म्हातारी म्हणाली. "तो दर वर्सी जाये ना नाल्यात. दोन वर्सं काईच नाई. तिसऱ्या वर्सी एक निंघालं, दगडाच्या फटीत. कोनाले सांगतलं नाई त्यानं. बी पडू देल्लं. मंग दोन, मंग चार. मंग टेकडी गेली. तवा त्यानं टोपलीभर माती आनली तिथची, अन् चुन्याचे दगडं. आमचे भांडे मांगून आले, माती पयले आली." ती जराशी हसली. "म्हने, थे चुन्याचं झाड हाय, या लाल मातीत नाई जगत. पान खायचा चुना पान्यात कालवून टाके त्याले. स्वोता बिनचुन्याचं पान खाये."

"मग इथं आलं?"

"आलं ना. पाच-सहा येत. तो गेल्यापासून कमीच होऊन राह्यलं. औंदा एकच हाय."

मी खाटेवरून इतक्या घाईनं उठलो की आंबिलीचा पेला कलंडला. सुनंदा आतून हसत बाहेर आली. "चला, दाखवतो," म्हणाली.

परसात न्हाणीच्या मागं, कुडाच्या सावलीत, पांढऱ्या दगडांचं छोटं आळं होतं. भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण, कोंबड्यांसाठी. आणि मध्ये ते. लालसर देठ, कातरलेली पानं, चार फुलं उघडलेली, प्रत्येकात तो काळा डोळा. खालच्या दांड्यांवर सहा-सात चोची, अजून हिरव्यागार. पिकायला तीन आठवडे तरी हवे होते.

मी मातीत बसलो. सांगायला हरकत नाही, मी रडलो. अकरा उपटली होती आणि एका माणसानं पंगतीबाहेर बसून, लोकांचं येडा म्हणणं ऐकून, ती जात एकट्यानं धरून ठेवली होती. माझ्या सगळ्या कपाटांपेक्षा ते पांढरं आळं मोठं होतं. सुनंदा गोंधळून बघत होती. मी तिला म्हणालो, "मी एवढ्यासाठीच आलो होतो. ह्याच्यासाठी." इतकंच बोललो. त्याच्या पुढचं वाक्य बोलायला हवं होतं, ते बोललो नाही.

भिंग गाडीत राहिलं होतं. फोनही तिथंच, चार्जिंगला. गाडी गावाच्या तोंडाशी चिंचेखाली. गेलो तर शब्बीरभाई काचा लावून झोपलेले. त्यांना उठवलं, भिंग कुठल्या पिशवीत ते सापडेना, मग सापडलं. "मिळालं का सर?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो तर ते माझ्यापेक्षा जास्त खूश झाले आणि झाड पाहायला बरोबर निघाले. सगळं मिळून पंधरा मिनिटं गेली असतील.

परसात शिरलो तेव्हा सुनंदा न्हाणीपाशी उकिडवी बसली होती. बाजूला सागाचं पान अंथरलेलं. तांब्यातल्या पाण्याची बारीक धार धरून ती बोटांनी हळूहळू माती सोडवत होती. मुळं एकही न तुटता मोकळी झाली होती, पांढरी, केसासारखी. माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यानं कधी इतकं स्वच्छ काम केलं नाही.

तिनं ते झाड पानावर ठेवलं आणि पान दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरलं. "बाबा सांगत होते, साहेबाले मुळासकट लागते, माती धुवून. पेपर तुमच्याजवळ असन ना?"

 शब्बीरभाई पुढं होऊन म्हणाले, "वा ताई, मस्त काढलं," आणि मग माझा चेहरा पाहून मागं सरले.

मी खाली बसून जखमेच्या हातानंच आळ्यात खड्डा केला, झाड परत लावलं, तांब्या रिकामा केला. धुतलेलं एकवर्षायू रोप पुन्हा धरत नाही, हे मला माहीत आहे. हिरवी चोच झाडाबरोबरच सुकते, हेही माहीत आहे. अशा झाडांचं बी मातीत कित्येक वर्षं झोपून राहू शकतं, असं मी वर्गात शिकवलंय. त्या आळ्याकडे बघताना त्यावर माझा विश्वास बसेना. सुनंदाला काहीच समजलं नव्हतं. ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "काय झालं? मोडलं का कुठी?" मी तिला म्हणालो, नाही, छान काढलंस. तिला दुसरं काय सांगणार होतो?

बारा वाजेपर्यंत फुलं मिटली आणि मानेतून झाड वाकलं. मी तोवर तिथंच बसून होतो. शब्बीरभाईंनी उन्हाच्या बाजूला आपला रुमाल धरला होता.

भीमबाई कुडाला धरून परसात आल्या. एका डोळ्यानं त्यांनी आळं पाहिलं, मला पाहिलं. त्यांना सगळं कळलं, हे मला दिसलं. लेकीला त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. वाकून त्यांनी ते मलूल झाड मातीतून अलगद काढलं, पुन्हा सागाच्या पानावर ठेवलं आणि पान माझ्या मांडीवर दिलं. सुनंदा शेजारीच उभी होती, घामेजलेली, माझ्या तोंडाकडे बघत.

"झालं ना साहेब तुमचं काम?" म्हातारीनं विचारलं.

मी सुनंदाकडे पाहिलं आणि हो म्हणालो.